अर्धशिशीचा मेंदू आणि एमआरआयचा रिपोर्ट

अर्धशिशीच्या रुग्णाला काय होतंय असं विचारलं की तो ठणका सांगतो, उलटी सांगतो, उजेड सहन होत नाही म्हणतो. एक तक्रार मात्र सहसा तोंडातून बाहेर पडत नाही, कारण तिचीच जास्त भीती वाटत असते. गल्ल्यावर बसल्यावर साधी बेरीज दोनदा करावी लागते. वर्गात रोजचा शब्द ऐन वेळी आठवत नाही. समोरचा बोलतोय ते ऐकू येतं, पण डोक्यात उतरत नाही. अहिराणी बोलणारी आजी हेच 'मनं डोकंच चालत नही' एवढ्यात सांगून मोकळी होते. तरुण माणूस मात्र गप्प राहतो आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर गाठ, लकवा, विसरभोळेपणा असे सगळे विचार एकदम मनात येतात.

मग कुणीतरी सुचवतं, 'एकदाचा एमआरआय काढून घे, शंका नको.' जळगाव-धुळ्यात आता त्यासाठी नाशिक किंवा मुंबई गाठावी लागत नाही. काही हजार रुपये जातात आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. घरचे निश्चिंत होतात. पुढचा झटका आला की तेच घरचे म्हणतात, 'फोटोत तर काही नव्हतं, मग आता काय झालं?' दुसऱ्या एखाद्याच्या रिपोर्टमध्ये बारीक पांढरे ठिपके निघतात आणि त्या घरात महिनाभर कुणाला धड झोप लागत नाही. या दोन्ही घरांची समजूत चुकीच्या पायावर उभी आहे, आणि ती दुरुस्त करता येते.

एक गोष्ट आधी सांगतो. हा आजार मूठभर लोकांचा नाही. जगात साधारण सात माणसांमागे एकाला अर्धशिशी असते, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तिचं प्रमाण दोन ते तीन पट आहे. शेजारच्या कर्नाटकात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत तर वर्षभरात अर्धशिशी झालेल्या प्रौढांचं प्रमाण सुमारे २५ टक्के आढळलं. तुमच्या गल्लीतल्या प्रत्येक दोन-तीन घरांत एक जण हे सोसत असणार. बहुतेक जण त्याला 'पित्त' म्हणत असतील, कारण उलटी झाली की थोडं बरं वाटतं. ती उलटी बहुतेकदा पोटातून सुरू झालेली नसते. ती अर्धशिशीचाच भाग असते.

संशोधकांचा स्कॅन आणि आपला स्कॅन

आपल्या गावात होतो तो एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. घराचा फोटो काढला तर भिंती, खिडक्या, तडे दिसतात. आत कुणाचं काय चाललंय ते फोटोत येत नाही. अर्धशिशीत बहुतेकांच्या भिंती शाबूत असतात. बिघाड असतो तो कामकाजात, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ 'हिला काही होत नाही' असा घेणं हा दुखणं सोसणाऱ्या बाईवर अन्याय आहे.

कामकाज पाहण्यासाठी संशोधक फंक्शनल एमआरआय वापरतात. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथला रक्तपुरवठा आणि रक्तातलं प्राणवायूचं प्रमाण बदलतं. तो बदल चुंबकाने टिपता येतो, हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं. त्यानंतर अर्धशिशीच्या रुग्णांना यंत्रात झोपवून, लक्ष एकवटून सोडवायची कामं देऊन अनेक अभ्यास झाले. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अर्धशिशीचे रुग्ण आणि निरोगी माणसं यांनी दिलेलं काम साधारण सारखंच केलं. पण लक्ष देण्याशी संबंधित भागांची हालचाल, विशेषतः कपाळामागच्या डाव्या बाजूची, दोन गटांत वेगळी दिसली. म्हणजे उत्तर तेच, पण तिथे पोचायची मेंदूची रीत वेगळी. झटका नसतानाही काम उरकतं पण थकवा जास्त येतो असं सांगणाऱ्या रुग्णाचं म्हणणं मला यातून पटण्यासारखं वाटतं.

प्रत्यक्ष झटक्यात काय होतं ते लिस्बनच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये तपासलं. त्याच माणसांची एकदा झटक्यात आणि एकदा बरं असताना चाचणी घेतली. झटक्यात वाचनाचा वेग मंदावला, विचार करण्याचा वेग घटला, ऐकलेले शब्द लक्षात ठेवणं अवघड गेलं. झटका नसताना हीच माणसं ती कामं नीट करत होती. ही मंदता तात्पुरती आहे. घाबरलेल्या माणसाने एवढं जरी धरून ठेवलं तरी रात्रीची झोप परत येते.

झटका दुखण्याच्या आधीच सुरू झालेला असतो, हेही स्कॅननेच दाखवलं. जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये अर्धशिशीच्या एका रुग्णाचा सलग ३० दिवस रोज स्कॅन केला गेला आणि २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ठणका सुरू होण्याआधीच्या २४ तासांत हायपोथॅलॅमस या मेंदूच्या खोलवरच्या भागाची हालचाल बदललेली होती. भूक, झोप, तहान, शरीराचं तापमान यांचा कारभार पाहणारा हा भाग. म्हणूनच आदल्या दिवशी जांभयांवर जांभया येतात, मान आखडते, गोड खावंसं वाटतं, उगाच चिडचिड होते. मिठाई खाल्ली म्हणून डोकं दुखलं असं आपण म्हणतो. कित्येकदा झटका आतून सुरू झालेला असतो आणि म्हणूनच मिठाई आठवलेली असते. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात काही जण केळी बंद करतात, कारण कुठल्यातरी यादीत तिचं नाव वाचलेलं असतं. स्वतःच्या बाबतीत ते पुन्हा पुन्हा अनुभवाला आलं नसेल तर घरचं फळ सोडू नका.

डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेघा दिसणं, मधोमध आंधळा ठिपका येऊन तो हळूहळू पसरणं, याला ऑरा म्हणतात. त्याची कथा मला या सगळ्या संशोधनात सर्वांत सुंदर वाटते. कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये स्वतःला दिसणाऱ्या रेघा वेळ लावून कागदावर काढल्या आणि हिशोब मांडला की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने सरकत असणार. तीन वर्षांनी ब्राझीलच्या अरिस्टिडेस लेआव यांनी सशाच्या मेंदूत अशीच सावकाश सरकणारी लाट नोंदवली. या दोन गोष्टींचा मेळ जिवंत माणसात दिसायला २००१ साल उजाडलं. व्यायामाने आपला ऑरा सुरू होतो हे ठाऊक असलेल्या रुग्णाला बॉस्टनच्या संशोधकांनी यंत्रात घेतलं, आणि ती लाट दृष्टीच्या भागावरून जवळपास त्याच वेगाने सरकताना दिसली. तेव्हा ऑरा दिसला म्हणून डोळे गेले असं समजू नका. तो साधारण ५ ते ६० मिनिटांत विरतो. मात्र त्या वेळात गाडी चालवू नका. धुळे-जळगाव महामार्गावर असाल तर गाडी बाजूला घ्या आणि रेघा पूर्ण जाईपर्यंत थांबा.

हे सगळे अभ्यास थोड्या-थोड्या लोकांवर झालेले आहेत आणि ते गटागटांतला फरक दाखवतात. एकट्या माणसाचा फंक्शनल एमआरआय करून त्याला अर्धशिशी आहे की नाही हे सांगता येत नाही. त्यामुळे कुणी तुम्हाला डोकेदुखीसाठी 'ब्रेन मॅपिंग' किंवा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) सुचवलं तर कारण विचारा. नुसत्या डोकेदुखीच्या निदानासाठी ईईजीचा उपयोग नाही. फिटची शंका असेल तर गोष्ट वेगळी.

स्कॅन लागतोच असे प्रसंग

वर्षानुवर्षं एकाच पद्धतीची अर्धशिशी असेल आणि डॉक्टरांची तपासणी ठीक असेल तर स्कॅनची गरज नसते. पण काही खुणा अशा आहेत की तिथे एक दिवसही थांबू नये.

आयुष्यात कधी झालं नाही असं दुखणं क्षणात उसळून मिनिटभरात शिगेला पोचलं, तर १०८ ला फोन करा. हा मेंदूतला रक्तस्राव असू शकतो, आणि तिथे पहिला सीटी स्कॅन तातडीने व्हावा लागतो. डोकेदुखीबरोबर एक बाजू लुळी पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं, फिट येणं, ताप येऊन मान ताठ होणं, हेही तसंच. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, आठवड्यागणिक वाढत जाणारी, पूर्वीचं रूप एकदम बदललेली, खोकताना-वाकताना उसळणारी, कॅन्सर किंवा एचआयव्ही असलेल्या माणसाची, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे जाऊन स्कॅनबद्दल स्वतः विचारा. आपल्याकडे मेंदूतला क्षयरोग आणि न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे पोटातल्या पट्टकृमीच्या अळ्यांनी मेंदूत केलेल्या गाठी, अजून सापडतात. त्या बहुधा फिटच्या रूपाने कळतात.

बाळंतिणीची डोकेदुखी मी मुद्दाम वेगळी काढतो, कारण ती घरात सर्रास दुर्लक्षिली जाते. 'जागरण झालं, वारं लागलं' म्हणून डोक्याला फडकं बांधलं जातं. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत मेंदूतल्या शिरांमध्ये रक्त गोठण्याचा धोका असतो. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, बाळंतिणीला पाणी कमी द्यायचा जुना रिवाज पाळला, तर तो वाढतो. साध्या सीटीत हे निसटू शकतं. डॉक्टरांना नम्रपणे विचारा की शिरांचा एमआरआय, म्हणजे व्हेनोग्राफी, लागेल का. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी गावांमध्ये सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्या नव्या, जोरकस डोकेदुखीलाही अर्धशिशी समजून थांबू नका.

त्याच ओघात एक सावधगिरी. कानबाई, नवरात्र, लग्नकार्य आलं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलवरून परस्पर घेतल्या जातात. ज्यांना ऑरा होतो त्यांना पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा थोडा अधिक असतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या त्यांनी घेऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. त्यामुळे हार्मोनची कुठलीही गोळी घेण्याआधी 'मला डोकेदुखीच्या आधी रेघा दिसतात' हे डॉक्टरांना सांगा. विडी, सिगारेट, तंबाखू, मिसरी या धोक्यात भर घालतात. मिसरी लावणाऱ्या कितीतरी बाया स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरतच नाहीत.

रिपोर्ट हातात आल्यावर

केंद्रातून मोठी पिशवी मिळते आणि घरी सगळे फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून बघतात. फिल्म बघू नका. शेवटच्या 'इम्प्रेशन' या मथळ्याखालच्या दोन-तीन ओळी डॉक्टरांबरोबर बसून वाचा. तिथे बरेचदा 'नॉन-स्पेसिफिक व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज' असं लिहिलेलं असतं. हेच ते पांढरे ठिपके.

नेदरलँड्समध्ये २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अर्धशिशी असलेल्या बायकांमध्ये असे ठिपके जास्त आढळले. त्याच लोकांना साधारण नऊ वर्षांनी पुन्हा तपासलं. बायकांमध्ये ठिपके वाढले होते, पण त्याचा बुद्धीच्या चाचण्यांशी संबंध दिसला नाही. फ्रान्समध्ये वयस्क लोकांवर झालेल्या २०११ च्या अभ्यासानेही हेच सांगितलं. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या सहा हजारांहून अधिक बायकांची स्मरणशक्ती काही वर्षं तपासत राहिले, तेव्हा अर्धशिशीमुळे ती झपाट्याने घसरते असं आढळलं नाही. काही ठिपके दिसले म्हणून मेंदू सडतोय असं नाही. रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांनीही ठिपके येतात, म्हणून रिपोर्टमध्ये ते दिसले की बीपी आणि साखर तपासून घ्यायची. खरा फायदा तिथे आहे.

सायनसचं अस्तर थोडं जाड, जन्मजात पाण्याची लहानशी गाठ, अशा गोष्टीही निघतात. रॉटरडॅममध्ये कुठलीही तक्रार नसलेल्या २००० लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा १.६ टक्क्यांच्या मेंदूत साधी गाठ आणि १.८ टक्क्यांना रक्तवाहिनीचा फुगा आढळला. शोधायला गेलं की सापडतंच. एक शब्द मात्र हलक्यात घेऊ नका, 'एम्प्टी सेला'. बहुतेकदा तो निरुपद्रवी असतो. पण वजन जास्त असलेल्या तरुण बाईला रोजची डोकेदुखी, वाकल्यावर डोळ्यांसमोर अंधारी आणि कानात धडधड असेल, तर डोक्यातल्या पाण्याचा दाब वाढलेला असू शकतो आणि त्याने दृष्टी जाते. त्यासाठी डोळ्याच्या पडद्याची तपासणी लागते. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. बाहुली मोठी करायचा थेंब टाकून ही तपासणी होते. डोकेदुखीच्या प्रत्येक जुन्या रुग्णाने ती एकदा करून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

वही

निदान मुख्यतः तुमच्या सांगण्यावरून होतं. त्यासाठी दहा रुपयांची वही पुरते. समजा चोपड्याची एखादी शिक्षिका अशी नोंद ठेवते: 'मंगळवार. हळदीहून उशिरा, झोप साडेचार तास. सकाळी नुसता चहा. अकराला जांभया, मान आखडली. साडेबाराला उजव्या डोळ्यामागे ठणका. दोनला उलटी, मग गोळी. हजेरीत दोन नावं चुकली. आठला ठणका गेला. बुधवारी दुपारपर्यंत शब्द अडखळत होते. पाळीचा आदला दिवस.' एवढ्यावरून कुठलाही चांगला फिजिशियन बरंच काही सांगू शकेल. झोप कमी, पोट रिकामं, पाळी जवळ, ही तीन कारणं एकत्र आली. अकरालाच इशारा मिळाला होता. गोळी मात्र दीड तास उशिरा आणि उलटीनंतर गेली. अर्धशिशीत पोटाचं काम मंदावतं, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही. ठणका सुरू होताच, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या पूर्ण मात्रेत, मळमळीच्या गोळीसह ती घ्यायची.

खानदेशात वहीला एक रकाना जास्त हवा, उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो. ऊन, तहान आणि कूलरच्या आवाजाने मोडलेली झोप एकत्र आली की झटके वाढतात. शेतात किंवा मोटारसायकलवर निघताना रुमालाबरोबर गॉगल लावा, पाणी तहान लागण्याआधी प्या, श्रावणातले उपवास निर्जळी करू नका. उन्हात बडबड सुरू झाली, अंग भाजल्यासारखं तापलं, तर ती अर्धशिशी नव्हे, उष्माघात आहे. लगेच रुग्णालयात न्या.

महिन्यातून किती दिवस गोळी घेतली ते वहीत लाल पेनाने लिहा. पॅरासिटामॉलसारख्या साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्याला १५ दिवस किंवा जास्त, ट्रिप्टान (अर्धशिशीच्या झटक्यावरच्या खास गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. रोज सकाळी उठल्यापासून जड डोकं आणि दिवसभर मंदपणा असलेल्या कित्येकांचं खरं दुखणं हेच असतं, आणि ते कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाही.

झटके वारंवार येत असतील तर प्रतिबंधक औषध रोज घ्यावं लागतं. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनॅरिझिन, टोपिरामेट ही त्यातली नावं. फरक दिसायला साधारण दोन महिने द्यावे लागतात. आठ दिवसांत 'गुण नाही' म्हणून सोडू नका. इथे आपला मूळ प्रश्न परत येतो. टोपिरामेटने काहींना शब्द सापडेनासे होतात, अमिट्रिप्टिलिनने सकाळी गुंगी राहते. 'डोकं चालत नाही' ही तक्रार औषध सुरू झाल्यावर आली की आधीपासून होती, हे वहीतल्या तारखा सांगतील. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. मूल हवं असेल किंवा दिवस गेले असतील तर टोपिरामेट आणि याच कामाचं दुसरं औषध व्हॅलप्रोएट यांबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला, कारण दोन्हींनी गर्भाला धोका असतो. प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याला चालत नाही.

कामाच्या ठिकाणी एवढं तरी करा. झटक्यात आणि त्यानंतरच्या अर्ध्या-एक दिवसात मोठा व्यवहार, सह्या, सोन्याचं वजन, रुग्णाच्या औषधाची मात्रा अशी कामं दुसऱ्याकडून ताडून घ्या किंवा पुढे ढकला. शाळकरी मुलाचं असं होत असेल तर वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या. त्याला आळशी म्हणण्याआधी शांत, अंधाऱ्या खोलीत तासभर पडू द्या.

न्यूरॉलॉजिस्टकडे पोचायला वेळ लागत असेल तर तोवर फिजिशियनकडे जा किंवा ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरांशी बोला. कुठेही गेलात तरी फिल्मच्या पिशवीबरोबर वही न्या, आणि डोकं दुखतं एवढंच सांगून उठू नका. शब्द आठवत नाहीत, हिशोब चुकतो, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, हेही तोंडाने सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी सांगा.